इंग्रजीतला एक शब्द, स्पॅनिशमधले अनेक : अनुवादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये अनुवाद करू लागलेल्या मराठी भाषकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने घेतले आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना लॅटिन अमेरिकेतला उच्चार धरला आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत काही ठिकाणच्या ‘स’चा उच्चार ‘थ’सारखा होतो.

१. शब्दकोशात एका इंग्रजी शब्दापुढे चार-पाच स्पॅनिश शब्द असतात. त्यांतला पहिला घेतला तर काय बिघडते?

बरेचदा संपूर्ण वाक्य बिघडते, कारण ते चार-पाच शब्द एकमेकांचे पर्याय नसून वेगवेगळ्या अर्थांची उत्तरे असतात. इंग्रजीतला ‘की’ हा शब्द कुलपाची किल्ली असेल तर स्पॅनिशमध्ये ‘याबे’ होतो, कोड्याची किंवा यशाची गुरुकिल्ली असेल तर ‘क्लाबे’ होतो आणि संगणकावरची कळ असेल तर ‘तेक्ला’ होतो. ‘लेटर’ म्हणजे पत्र असेल तर ‘कार्ता’, अक्षर असेल तर ‘लेत्रा’. ‘डेट’चे तर तीन वेगळे शब्द आहेत: तारखेला ‘फेचा’, ठरवून घेतलेल्या भेटीला ‘सीता’ आणि खजुराला ‘दातील’.

या उदाहरणांत मराठीनेही तेच भेद केलेले आहेत, हे लक्षात घ्यावे. इंग्रजी वाक्य हाती आले की स्पॅनिश शब्द शोधण्याआधी ते मनातल्या मनात चांगल्या मराठीत म्हणून पाहावे, हा माझा पहिला सल्ला असतो. इंग्रजीने एका शब्दात लपवलेला फरक मराठी अनेकदा आपणहून उघड करते. मात्र काही ठिकाणी मराठीही तितकीच फसवते. ती ठिकाणे प्रश्न ५, ८ आणि १० मध्ये आली आहेत.

२. ‘आस्क’, ‘प्ले’, ‘टाइम’ अशा रोजच्या शब्दांत माझा नेहमी गोंधळ होतो. यांना काही सोपी कसोटी आहे का?

या तिन्ही शब्दांना मराठी हीच कसोटी आहे. विचारणे म्हणजे ‘प्रेगुन्तार’ आणि मागणे किंवा विनंती करणे म्हणजे ‘पेदीर’, त्यामुळे किंमत विचारताना पहिले क्रियापद येते आणि मदत मागताना दुसरे. अडचण होते ती मराठीत दोन्ही शब्द चालतात तिथे: आपण परवानगी विचारतो आणि मागतोही, पण स्पॅनिशमध्ये परवानगी केवळ मागता येते, म्हणजे ‘पेदीर’च वापरावे लागते. त्याचप्रमाणे ‘आस्क फॉर’ दिसले की लगेच ‘पेदीर’ लिहू नये. एखाद्या व्यक्तीची चौकशी केली असा अर्थ असेल तर ‘प्रेगुन्तार पोर’ हवे.

‘प्ले’चा अर्थ खेळणे असेल तर ‘हुगार’ आणि वाद्य वाजवणे असेल तर ‘तोकार’. नाटकातली भूमिका यांपैकी कशातच बसत नाही. तिला ‘इन्तेर्प्रेतार’ किंवा ‘आसेर’ लागते.

‘टाइम’च्या बाबतीत मराठी फारच बारकाईने बोलते. ‘मला वेळ मिळाला नाही’ यातला पुल्लिंगी वेळ म्हणजे कालावधी, आणि तो ‘त्येम्पो’ आहे. ‘जेवायची वेळ झाली’ यातली स्त्रीलिंगी वेळ म्हणजे घड्याळातला ठरावीक क्षण, आणि ती ‘ओरा’ आहे. ‘तीन वेळा’ यातला शब्द म्हणजे खेप, आणि तो ‘बेस’ आहे. त्याचे अनेकवचन ‘बेसेस’. ज्याला मराठीतले ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ नीट वापरता येतात, त्याने या शब्दांत चूक करण्याचे खरोखर कारण उरत नाही.

३. ‘नो’ या क्रियापदासाठी ‘साबेर’ कधी आणि ‘कोनोसेर’ कधी?

माहिती असणे म्हणजे ‘साबेर’ आणि ओळख किंवा परिचय असणे म्हणजे ‘कोनोसेर’. तिचा दूरध्वनी क्रमांक ठाऊक आहे, तो कुठे राहतो ते कळले आहे, गाडी किती वाजता सुटते याची कल्पना आहे, या सर्वांना ‘साबेर’ लागते. माणसाची, शहराची किंवा लेखकाच्या शैलीची ओळख आहे म्हणताना ‘कोनोसेर’ लागते. एखादे कौशल्य अंगी आहे असे सांगताना मराठीत ‘येणे’ वापरतो, तिथेही ‘साबेर’ आणि त्यापुढे लगेच मूळ क्रियापद येते: ‘मला पोहता येते’ म्हणजे ‘से नादार’. आज हात दुखत असल्याने पोहता येत नाही, असे म्हणायचे असेल तर मात्र तो प्रश्न कौशल्याचा राहत नाही, आणि तिथे ‘पोदेर’ हवे.

‘माद्रिद मला माहीत आहे’ या मराठी वाक्यापासून सावध राहावे. मराठीत ते केवळ ऐकीव माहितीवरूनही म्हणता येते. स्पॅनिशमध्ये ‘कोनोस्को माद्रिद’ म्हटले की ऐकणारा आपण तिथे जाऊन आलो आहोत असेच समजतो. कवितेबाबत दोन्ही क्रियापदे चालतात, पण अर्थ बदलतो: ‘साबेर’ने ती पाठ असल्याचे कळते आणि ‘कोनोसेर’ने ती वाचनात आल्याचे.

खरी कठीण जागा भूतकाळात आहे. इंग्रजीतले ‘न्यू’, म्हणजे ‘नो’चे भूतकाळी रूप, स्पॅनिशमध्ये दोन प्रकारच्या भूतकाळांत जाऊ शकते. ‘साबीआ’ म्हणजे आधीपासून माहीत होते, ‘सुपे’ म्हणजे त्या क्षणी कळले. ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळख होती, ‘कोनोसी’ म्हणजे पहिल्यांदा भेट झाली. ‘माहीत होते’ आणि ‘कळले’ हा भेद मराठीत इतका ठसठशीत आहे, की मूळ इंग्रजी वाक्य मराठीत कसे येईल हे ठरले, की स्पॅनिश काळही ठरतो. इतर क्रियापदांनाही हीच कसोटी लावता येते: ‘तो रोज यायचा’ म्हणजे ‘बेनीआ’ आणि ‘तो आला’ म्हणजे ‘बीनो’.

४. ‘लाइक’ आणि ‘लव्ह’ यांच्यासाठी इतकी क्रियापदे का आहेत?

आवडीच्या वाक्याची रचना स्पॅनिश आणि मराठी या दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे, आणि इंग्रजी डोक्यात ठेवून शिकणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. ‘मे गुस्ता’ म्हणजे शब्दशः ‘मला आवडते’. पुस्तके अनेक असतील तर मराठीत ‘आवडतात’ होते, तसेच स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लोस लीब्रोस’ होते. क्रियापद ज्याला आवडते त्या माणसाप्रमाणे न बदलता आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीतला कर्ता विसरला की वाक्य आपोआप नीट जमते.

वस्तू किंवा कृती फारच आवडत असेल तर ‘मे एन्कान्ता’ म्हणावे. माणसाबद्दल बोलताना मात्र जपावे लागते: ‘मे गुस्तास’ यात आकर्षणाची छटा येते, म्हणून सहकाऱ्याचा स्वभाव आवडतो एवढेच सांगायचे असेल तर ‘मे काए ब्येन’ ही रचना वापरावी. प्रेमासाठी ‘केरेर’ हे क्रियापद जोडीदारापासून आई-वडील, भावंडे आणि मित्रांपर्यंत सर्वांना चालते. ‘आमार’ अधिक गंभीर आणि उत्कट आहे. मित्राने मित्राला लिहिलेल्या पत्रात ते आले तर वाचक थबकेल.

५. ‘असणे’ या अर्थाच्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांचा नियम पाठ आहे, तरी चुका होतात. असे का?

बहुधा पाठ केलेला नियमच अपुरा असल्यामुळे. कायमचे असेल तर ‘सेर’ आणि तात्पुरते असेल तर ‘एस्तार’, असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. माझ्या मते तो नियम सोडून द्यावा. मृत्यूइतके कायमचे काही नाही, तरीही मृत माणसाबद्दल ‘एस्ता म्वेर्तो’ असेच म्हणतात. विद्यार्थिदशा चार वर्षांत संपते, तरीही विद्यार्थी असण्याला ‘सेर’ लागते. वस्तू किंवा व्यक्ती काय आहे, कोण आहे, कोणत्या वर्गात मोडते हे ‘सेर’ सांगते; ती कोणत्या अवस्थेत आढळते आणि कुठे आहे हे ‘एस्तार’ सांगते. मरण ही अवस्था आहे, म्हणून तिथे ‘एस्तार’.

मराठीतले ‘आहे’ हा भेद करत नाही, त्यामुळे येथे विशेषणाकडे पाहावे लागते. ‘आबुरीदो’ हे विशेषण ‘सेर’बरोबर आले तर माणूस कंटाळवाणा ठरतो, ‘एस्तार’बरोबर आले तर तो कंटाळलेला असतो. ‘लीस्तो’ असाच ‘सेर’बरोबर हुशार आणि ‘एस्तार’बरोबर तयार होतो, ‘मालो’ ‘सेर’बरोबर वाईट आणि ‘एस्तार’बरोबर आजारी, ‘बेर्दे’ ‘सेर’बरोबर हिरवा आणि ‘एस्तार’बरोबर कच्चा, ‘रीको’ ‘सेर’बरोबर श्रीमंत आणि ‘एस्तार’बरोबर चविष्ट. ‘होबेन’ म्हणजे तरुण हा शब्द सहसा ‘सेर’ घेतो, परंतु ‘एस्ता होबेन’ म्हटले की वयाच्या मानाने तो तरुण दिसतो असा अर्थ होतो. विवाहित असण्याला मात्र दोन्ही क्रियापदे चालतात आणि अर्थ फारसा बदलत नाही.

स्थळाबाबत एक अपवाद जरूर लक्षात ठेवावा. वस्तू किंवा माणूस कुठे आहे हे ‘एस्तार’ने सांगतात, पण कार्यक्रम कुठे आहे हे ‘सेर’ने सांगतात. म्हणून ‘एल एक्सामेन एस एन एल आउला सिंको’ म्हणजे परीक्षा पाच क्रमांकाच्या वर्गात होणार आहे, आणि ‘एल एक्सामेन एस्ता एन ला मेसा’ म्हणजे प्रश्नपत्रिका टेबलावर आहे. मराठी वाक्यात ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ किंवा ‘भरणार आहे’ ठेवता येत असेल तर ‘सेर’ घ्यावे.

इंग्रजी कर्मणी वाक्यांतही हाच पेच असतो, पण तिथे मराठी साहाय्याला येते. खिडकी उघडली गेली, ही क्रिया आहे: ‘फुए आब्येर्ता’. खिडकी उघडी आहे, ही अवस्था आहे: ‘एस्ता आब्येर्ता’.

६. ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’, आणि ‘साठी’ म्हणजे ‘पारा’. मग ‘पोर’ कुठून येते?

‘साठी’ हा प्रत्यय मराठीत सध्या फार सैलपणे वापरला जातो, आणि तोच सैलपणा स्पॅनिशमध्ये चूक होऊन येतो. ‘पारा’ची नजर पुढे असते: हेतू, ज्याला द्यायचे ती व्यक्ती, जिथे जायचे ते ठिकाण आणि ज्या दिवसापर्यंत काम पुरे करायचे ती मुदत. ‘पोर’ची नजर मागे किंवा मधल्या वाटेवर असते: कारण, मोबदला, माध्यम, मार्ग आणि एखाद्याच्या ऐवजी केलेले काम.

‘मदतीसाठी धन्यवाद’ हे इंग्रजी वळणाचे मराठी आहे. शुद्ध मराठीत आपण ‘मदतीबद्दल धन्यवाद’ म्हणतो, आणि ‘बद्दल’ म्हटले की ‘ग्रासियास पोर’ हे लगेच पटते. दहा युरोला पुस्तक घेतले, भावाऐवजी काम केले, पावसामुळे थांबलो, बागेतून गेलो, दूरध्वनीवरून कळवले, या सर्व ठिकाणी मराठीत ‘साठी’ लागतच नाही आणि स्पॅनिशमध्ये ‘पोर’ येते. एखाद्या कंपनीसाठी काम करणे मात्र ‘त्राबाहार पारा’ आहे. ‘तुझ्यासाठी केले’ या वाक्याचे दोन अनुवाद होतात: तुला देण्याकरिता केले असेल तर ‘पारा ती’, तुझ्याखातर केले असेल तर ‘पोर ती’.

काही ‘फॉर’ या दोन्ही शब्दांच्या बाहेर पडतात. गेली पाच वर्षे इथे राहतो आहे, असे म्हणताना इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘फॉर’ येते. स्पॅनिशमध्ये ‘आसे सिंको आन्योस के बीबो आकी’ असे साध्या वर्तमानकाळात म्हणतात, आणि मराठीतही क्रियापद वर्तमानातच असते. ‘परदेशी माणसाच्या मानाने चांगले बोलतो’ यातले ‘मानाने’ मात्र ‘पारा’कडेच परत येते: ‘पारा सेर’.

प्रदेशानुसार बदलणारा अर्थही आहे. ‘एस्तोय पोर सालीर’ हे लॅटिन अमेरिकेत ‘मी निघतच आहे’ या अर्थी घेतले जाते. स्पेनमध्ये त्यातून ‘निघावे असे मनात आहे’ हा अर्थ निघतो.

७. ‘बट’साठी ‘पेरो’ आणि ‘सीनो’ असे दोन शब्द का?

मराठीतले ‘पण’ म्हणजे ‘पेरो’ आणि नकारानंतर येणारे ‘तर’ म्हणजे ‘सीनो’. ‘ती डॉक्टर नाही, तर शिक्षिका आहे’ यात पहिले खोडून दुसरे ठेवले आहे, म्हणून ‘सीनो’ लागते. ‘ती डॉक्टर नाही, पण तिला औषधांची माहिती आहे’ यात काहीही खोडलेले नाही, म्हणून ‘पेरो’. ‘सीनो’नंतर पूर्ण क्रियापद येत असेल तर ‘सीनो के’ असे लिहावे.

८. ‘आय अ‍ॅम कमिंग’चा अनुवाद ‘बेंगो’ केला तर तो चुकीचा का ठरतो?

कारण स्पॅनिशमध्ये ‘बेनीर’ म्हणजे येणे हे बोलणाऱ्याच्या जागेकडेच होते. दारावर टकटक झाली की इंग्रजी माणूस ‘कमिंग’ म्हणतो आणि आपण ‘आलो, आलो’ म्हणतो. दोघेही ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करतात. स्पॅनिश भाषक स्वतःच्या जागेवरून विचार करतो आणि ‘या बोय’, म्हणजे शब्दशः ‘जातोच’, असे म्हणतो. येथे मराठीची कसोटी लावली तर नक्की फसगत होते.

‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांचेही हेच. ‘त्राएर’ म्हणजे बोलणारा आहे तिथे आणणे, आणि ‘येबार’ म्हणजे दुसरीकडे नेणे. ‘उद्या तुझ्या घरी पुस्तक घेऊन येतो’ याचा स्पॅनिश अनुवाद ‘येबार’ने होतो. अपवाद सोबतीचा आहे: मी जिथे जातो आहे तिथे माझ्याबरोबर येतोस का, असे विचारताना ‘ब्येनेस कोन्मीगो’ म्हणतात.

९. ‘स्टिल’, ‘येट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘ईव्हन’ यांचे काय करावे?

‘स्टिल’ आणि ‘येट’ या दोहोंना ‘तोदाबीआ’ चालते. अजून नाही म्हणजे ‘तोदाबीआ नो’. ‘या’ म्हणजे आधीच किंवा आता, परंतु ‘या नो’ म्हणजे ‘आता यापुढे नाही’. ‘तोदाबीआ नो’ आणि ‘या नो’ यांची अदलाबदल झाली तर अजून सुरू न झालेली गोष्ट संपलेली ठरते. ‘आऊन’ या शब्दावर आघातचिन्ह असेल तर त्याचा अर्थ ‘अजून’ होतो आणि नसेल तर ‘सुद्धा’. ‘ईव्हन’साठी ‘इंक्लूसो’ वापरले तर आघातचिन्हाचा प्रश्नच उरत नाही.

१०. मराठीतही एकच शब्द आहे आणि इंग्रजीतही. तरी स्पॅनिश दोन शब्द मागते. असे कुठे होते?

शरीराच्या अवयवांत आणि जागांच्या नावांत हे विशेष आढळते. बाहेरून दिसणारा कान ‘ओरेहा’ आणि ऐकणारा, आतून दुखणारा कान ‘ओईदो’. माणसाचा पाय ‘प्येर्ना’, जनावराचा किंवा टेबलाचा ‘पाता’. पावलाला ‘प्ये’ हा तिसरा शब्द आहे. खोलीचा आतला कोपरा ‘रिंकोन’, रस्त्याचा बाहेरचा कोपरा ‘एस्कीना’. पाण्यातला जिवंत मासा ‘पेस’, पकडून खाण्यासाठी आणलेला ‘पेस्कादो’.

उलट दिशेनेही एक उदाहरण आहे: इंग्रजीत हाताच्या आणि पायाच्या बोटांना वेगळे शब्द आहेत, पण स्पॅनिश आणि मराठी दोन्ही भाषा एकाच शब्दावर भागवतात. स्पॅनिशमध्ये तो शब्द ‘देदो’ आहे.

११. दिसायला इंग्रजीसारखा असलेला स्पॅनिश शब्द विश्वासाने वापरावा का?

दोन्ही भाषांत लॅटिनमधून आलेले हजारो शब्द खरोखरच समानार्थी आहेत, म्हणून सरसकट अविश्वास नको. पण पुढच्या शब्दांनी इतके अनुवाद बिघडवले आहेत, की ते तोंडपाठ असावेत. ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर. ओशाळलेल्या स्त्रीसाठी ‘आबेर्गोन्सादा’ हवे. ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या; ‘अ‍ॅक्चुअली’ म्हणजे ‘एन रेआलिदाद’. ‘सेन्सीब्ले’ म्हणजे संवेदनशील, आणि इंग्रजीतला समंजस ‘सेन्सिबल’ माणूस ‘सेन्सातो’. ‘एक्सितो’ म्हणजे यश, बाहेर पडण्याचा मार्ग नव्हे. त्याला ‘सालीदा’ म्हणतात. ‘लिब्रेरीआ’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, आणि ग्रंथालय म्हणजे ‘बिब्लिओतेका’. ‘कार्पेता’ म्हणजे कागद ठेवण्याची फाइल. ‘कोन्तेस्तार’ म्हणजे उत्तर देणे. ‘आसिस्तीर’चा नेहमीचा अर्थ उपस्थित राहणे असा आहे. ‘रेआलिसार’ म्हणजे पार पाडणे. लक्षात येणे म्हणजे ‘दार्से क्वेन्ता’. ‘एबेन्तुआल्मेन्ते’मधून कदाचित, प्रसंगवशात असा अर्थ निघतो, तर इंग्रजी शब्दाचा अर्थ अखेरीस असा आहे, अशा चुकीने करारातले कलमच उलटू शकते.

‘एक्साइटेड’साठी ‘एक्सितादो’ लिहू नये, कारण त्यात लैंगिक उत्तेजनेची छटा येते; ‘एमोसिओनादो’ लिहावे. मला उकडते आहे असे म्हणतानाही ‘एस्तोय काल्येन्ते’ टाळावे, कारणही तेच आहे. ‘तेन्गो कालोर’ ही योग्य रचना आहे.

१२. ‘बिलियन’ म्हणजे ‘बियोन’ का नाही?

कारण दोघांत हजारपटीचा फरक आहे. आजच्या इंग्रजीतला ‘बिलियन’ म्हणजे एक अब्ज, एकावर ९ शून्ये. स्पॅनिशमधला ‘बियोन’ म्हणजे दशलक्ष वेळा दशलक्ष, एकावर १२ शून्ये. आपल्या मोजणीत तो एक लाख कोटी होतो. म्हणून इंग्रजी ‘बिलियन’ला ‘मील मियोनेस’, म्हणजे हजार दशलक्ष, असे लिहावे. रॉयल स्पॅनिश अकादमीने १९९५ मध्ये ‘मियार्दो’ हा शब्द स्वीकारला आहे, तरी रोजच्या लेखनात ‘मील मियोनेस’च अधिक दिसते. इंग्रजी ‘ट्रिलियन’ म्हणजे ‘बियोन’. आर्थिक मजकुरात प्रत्येक मोठी संख्या शून्ये मोजून तपासावी. ही चूक वाचकाच्या नजरेला सहज दिसत नाही आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे.

१३. ‘बिकम’साठी सगळीकडे चालेल असे एकच क्रियापद नाही, असे का म्हणतात?

ते खरेच आहे. इंग्रजीत ‘बिकम’, ‘गेट’, ‘टर्न’, ‘गो’ असे काही शब्द आहेत आणि मराठीत ‘होणे’ सर्वांना पुरते. स्पॅनिश मात्र बदल कशामुळे झाला, किती टिकेल आणि त्यात माणसाची इच्छा किती होती, हे प्रत्येक वेळी विचारते. या विषयातला हा मला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण येथे क्रियापद निवडणे म्हणजे मूळ लेखकाने न बोललेले काहीतरी समजून घेणे असते.

क्षणिक बदलाला ‘पोनेर्से’ लागते: लाल होणे, घाबरेघुबरे होणे, आजारी पडणे. प्रयत्नाने किंवा स्वतःच्या निर्णयाने झालेल्या बदलाला ‘आसेर्से’: वकील होणे, श्रीमंत होणे, एखाद्या पक्षाचे सदस्य होणे. स्वभावात किंवा मनात झालेल्या आणि टिकून राहणाऱ्या बदलाला ‘बोल्बेर्से’: वेडा होणे, संशयी होणे, यात माणसाची इच्छा सहसा नसते. ‘केदार्से’ काहीतरी गेल्यानंतरची उरलेली स्थिती दाखवते: आंधळा होणे, विधवा होणे, पैशांशिवाय राहणे. एका गोष्टीचे दुसऱ्या गोष्टीत रूपांतर होते तेव्हा नामाआधी ‘कोन्बेर्तीर्से एन’ येते, आणि दीर्घ वाटचालीनंतर मोठ्या पदाला पोहोचण्यासाठी ‘येगार आ सेर’ आहे.

एकच इंग्रजी वाक्य घ्यावे: तो गंभीर झाला. एखादी बातमी ऐकून चेहरा गंभीर झाला असेल तर ‘से पुसो सेर्यो’. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने स्वभावच गंभीर झाला असेल तर ‘से बोल्ब्यो सेर्यो’. मूळ परिच्छेद पूर्ण वाचल्याशिवाय हे ठरवता येत नाही.

स्पॅनिशमध्ये पुष्कळदा हे सारे टाळून थेट एक क्रियापदही मिळते: रागावणे ‘एनोहार्से’, थकणे ‘कान्सार्से’, म्हातारे होणे ‘एन्बेहेसेर’. असे क्रियापद असेल तर ते बहुधा अधिक सहज वाटते.

१४. इंग्रजीत दोन शब्द आणि स्पॅनिशमध्ये एकच, असे असेल तर फरक कसा राखावा?

आधी तो फरक मजकुरात महत्त्वाचा आहे का, ते पाहावे. ‘पॉलिसी’ आणि ‘पॉलिटिक्स’ दोन्ही ‘पोलीतिका’ होतात, ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ दोन्ही ‘इस्तोरिको’, ‘स्टोरी’ आणि ‘हिस्टरी’ दोन्ही ‘इस्तोरिआ’. संदर्भाने अर्थ बहुधा स्पष्ट होतो आणि अधिक काही करावे लागत नाही.

‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ यांचे मात्र तसे नाही. दोन्हींना ‘सेगुरिदाद’ म्हणतात, पण अपघातापासूनचे संरक्षण आणि घातपातापासूनचे संरक्षण यांत तांत्रिक लेखनात गल्लत चालत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या स्पॅनिश लेखनात पहिल्याला ‘सेगुरिदाद ओपेरासिओनाल’ आणि दुसऱ्याला ‘सेगुरिदाद दे ला आबिआसिओन’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ‘सेगुरिदाद तेक्नोलोहिका’ आणि ‘सेगुरिदाद फीसिका’ असा भेद करते. ज्या क्षेत्रातला मजकूर असेल, त्या क्षेत्राने ठरवलेलीच संज्ञा घ्यावी, स्वतः नवी घडवू नये.

‘वेट’, ‘होप’ आणि ‘एक्स्पेक्ट’ या तिघांना ‘एस्पेरार’ आहे, आणि तिथे व्याकरण फरक राखते. ‘एस्पेरो के बेंगा’ म्हणजे तो यावा अशी आशा आहे. मराठीतल्या ‘यावा’प्रमाणे येथेही क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा किंवा शक्यता दाखवणाऱ्या रूपात, जाते. मध्ये ‘आ’ घातला आणि ‘एस्पेरो आ के बेंगा’ म्हटले की तो येण्याची वाट पाहतो आहे असा अर्थ होतो.

१५. ‘ऑर्डर’साठी ‘ओर्देन’ लिहिले, तरी ते चुकीचे ठरवले गेले. कारण काय असेल?

बहुधा लिंग चुकले असेल. ‘एल ओर्देन’ पुल्लिंगी असेल तर क्रम किंवा सुव्यवस्था, ‘ला ओर्देन’ स्त्रीलिंगी असेल तर आज्ञा. मालाची मागणी नोंदवली असेल तर सर्वत्र समजणारा शब्द ‘पेदीदो’ आहे. याच प्रकारे ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल आणि ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी. ‘एल एदितोरिआल’ म्हणजे अग्रलेख आणि ‘ला एदितोरिआल’ म्हणजे प्रकाशनसंस्था. ‘एल फ्रेन्ते’ म्हणजे आघाडी आणि ‘ला फ्रेन्ते’ म्हणजे कपाळ. लिंगभेदाने अर्थ बदलण्याचा हा प्रकार ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ यांसारखाच आहे (प्रश्न २ पाहावा).

१६. ‘यू’ म्हणजे ‘तू’ की ‘उस्तेद’?

स्पॅनिशमधला जवळिकीचा शब्दही ‘तू’ असाच उच्चारला जातो, आणि आदराला ‘उस्तेद’ आहे. ‘उस्तेद’बरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते, हे विसरू नये. अनेकांना उद्देशून बोलताना लॅटिन अमेरिकेत जवळिकीलाही आणि आदरालाही ‘उस्तेदेस’च वापरतात, तर स्पेनच्या बहुतेक भागांत जवळच्या मंडळींना ‘बोसोत्रोस’ म्हणतात. आर्जेन्टिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येते आणि त्याची क्रियापदरूपेही वेगळी असतात. कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणतात, म्हणून त्यावरून नेहमीच दुरावा गृहीत धरता येत नाही. कोणतेही संबोधन निवडा, पण एका मजकुरात ते मध्येच बदलू नये. वाचकाला संबंध बदलल्यासारखे वाटते.

१७. शब्द बरोबर असूनही वाचक नाराज होतात. हा देशांमधला फरक आहे का?

अनेकदा तोच असतो. ‘कोहेर’ स्पेनमध्ये घेणे किंवा पकडणे या अर्थाचे अगदी साधे क्रियापद आहे. मेक्सिको आणि आर्जेन्टिनामध्ये ते अश्लील आहे, म्हणून वाचक कुठले हे ठाऊक नसेल तर ‘तोमार’ घ्यावे. मोटारीला स्पेनमध्ये ‘कोचे’, मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंत बहुतेक ठिकाणी ‘कार्रो’ आणि आर्जेन्टिनामध्ये ‘आउतो’ म्हणतात. संगणक स्पेनमध्ये ‘ओर्देनादोर’ आणि मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’. ‘ग्वाग्वा’ म्हणजे क्युबात आणि कॅनरी बेटांवर बस, पण चिलीत तान्हे मूल.

अनुवाद हाती घेतानाच वाचक कोणत्या देशातला आहे हे विचारून घ्यावे. शंका राहिली तर स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी मिळून २००५ मध्ये काढलेला शंकानिरसनाचा सामायिक कोश पाहावा, कारण त्यात प्रदेशवार नोंदी आहेत.

१८. इंग्रजी वाक्य मुद्दाम संदिग्ध ठेवलेले आहे आणि स्पॅनिश मला निवड करायला लावते. अशा वेळी काय करावे?

मूळ लेखकाशी संपर्क करता येत असेल तर त्याला विचारावे. यात अनुवादकाला कमीपणा नाही. ते शक्य नसेल तर रचना बदलावी. ‘माय फ्रेंड’ स्त्री की पुरुष हे कथेत शेवटी उलगडणार असेल, तर ‘आमीगो’ आणि ‘आमीगा’ दोन्ही टाळावे लागतात. ‘ला पेर्सोना’ म्हणजे व्यक्ती हा शब्द कुणालाही लागू होतो. त्याच्या मागे येणारी विशेषणे व्याकरणाने स्त्रीलिंगी होतात आणि त्यावरून व्यक्तीचे लिंग कळत नाही. स्पॅनिश क्रियापदाच्या रूपावरूनच पुरुष आणि वचन समजत असल्यामुळे कर्ता सर्वनाम गाळता येते. मराठीत ‘गेला’ किंवा ‘गेली’ म्हणावेच लागते, पण स्पॅनिशमधले ‘फुए’ दोघांनाही चालते.

याच्या नेमके उलट संकट ‘सू’ या शब्दाने येते. त्याचा, तिचा, त्यांचा आणि आपला, हे सगळे त्या एका शब्दात मावते, त्यामुळे इंग्रजीत आणि मराठीत जे स्पष्ट होते ते स्पॅनिशमध्ये धूसर होते. एकाच वाक्यात भाऊ आणि बहीण दोघेही असतील आणि घर नेमके कुणाचे हे महत्त्वाचे असेल, तर ‘सू कासा’ न लिहिता ‘ला कासा दे एल’ किंवा ‘ला कासा दे एया’ असे उलगडून लिहावे. प्रत्येक ठिकाणी तसे केले तर गद्य जड होते. म्हणून पहिल्या उल्लेखात मालक स्पष्ट करून पुढे ‘सू’ ठेवणे मला योग्य वाटते.